पोत्याच्या तोंडाचा माल

सना मुलाणीचा कंटेनर काल दुपारी शिरूरजवळच्या तिच्या शेडमधून न्हावा-शेवा बंदराकडे निघाला. तिथून तो जहाजाने जपानला जाईल. आत जुन्या संगणकांतून आणि टीव्हींमधून काढलेले सर्किट बोर्ड आहेत, आणि त्यांच्यासोबत आपल्या सरकारची परवानगी व जपान सरकारची संमती. मी सनाला तिच्या जन्मापासून ओळखते. आमची घरं दौंडला एकाच गल्लीत आहेत. म्हणून हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

तिचे वडील इक्बालभाई यांचं स्टेशनच्या पलीकडे भंगाराचं दुकान होतं. आमचे हे रेल्वेत गार्ड होते, दोघांची चहाच्या टपरीवरची दोस्ती. हे गेल्यावरही इक्बालभाई मला वहिनीच म्हणतात. तरुणपणी ते कामासाठी उत्तरेकडे गेले होते. तिथे घरांच्या परसात तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, टबात असले बोर्ड बुडवून त्यांच्यावरचं सोनं काढत. उरलेलं पाणी गटारात आणि धूर अंगावर. ते परत आले तेव्हा त्यांना दम लागायचा आणि वास घेण्याची शक्ती गेली होती. ईदला त्यांच्या घरच्या शीरखुर्म्याचा वास माझ्या ओट्यापर्यंत येतो. इक्बालभाई मात्र चुलीपाशी बसून विचारतात, "झाला का?"

सना हे बघत मोठी झाली. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, शिरूरकडच्या एका कारखान्यात टीव्ही जोडायचं काम केलं, आणि मग उलटं काम सुरू केलं. कारेगावजवळ शेड भाड्याने घेतलं, प्रदूषण मंडळाची परवानगी काढली आणि जुन्या वस्तू सुट्या करायला लागली. प्लास्टिक वेगळं, तांबं वेगळं, काच वेगळी. गावातल्या बायका कामाला येतात, नवनाथ त्यांच्यावर देखरेख करतो. सना रोज चौफुल्यावरून न्हावरेमार्गे ये-जा करते.

बाकी सगळ्याला गिऱ्हाईक होतं. अडचण फक्त बोर्डांची होती. ते घ्यायला व्यापारी यायचे, रोकड द्यायचे, पण माल पुढे कुठे जातो म्हणून विचारलं की विषय बदलायचे. सनाने ठरवलं होतं की तिच्या शेडमधली बोर्डाची एकही प्लेट तेजाबात जाणार नाही. जपानमधला एक कारखाना असे बोर्ड बंद भट्टीत वितळवून त्यातले सगळे धातू काढतो, हे तिने शोधून काढलं. पण हा कचरा परदेशी पाठवायचा तर दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागते, घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते, आणि जहाज वाटेत जिथे थांबेल त्या देशाचीही. तोवर माल शेडमध्ये पडून राहणार. आणि असा माल किती दिवस ठेवता येतो, त्यालाही कायद्याने मुदत आहे. मुदत संपली की मिळेल त्याला विकणं भाग होतं.

तिने अर्ज केला. जपानच्या कारखान्याने आधी नमुना मागवून तपासला होता आणि त्या तपासणीचा अहवाल अर्जाला जोडलेला होता. अहवाल फार चांगला होता. इतकं सोनं निघालं की सना पेढे घेऊन माझ्याकडे आली. मागून इक्बालभाई आले. घरात ते लोक दखनी बोलतात, माझ्यापुढे मराठी.

"निघणारच की," ते खुर्चीत बसत म्हणाले. "नमुन्याचे बोर्ड मी सोता निवडून भरलेत. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरचे, सोन्यानं पिवळे धमक."

सनाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "निवडून म्हणजे, अब्बा?"

"म्हंजी काय? केडगावच्या मार्केटात कांद्याची पिशवी कशी भरतात? तोंडाला चांगला माल घालायचा. वानगीला कुणी सडका कांदा दाखवतं व्हय?"

"बाकीचा माल तसा नाही ना पण!"

"ते त्यास्नी बी ठाऊक असतंय. घेणारा मनातल्या मनात भाव कापूनच घेतो. वहिनी, सांगा की हिला."

मी काय सांगणार? माझ्या आयुष्यात मी एकदाही तळापर्यंत सारखी निघालेली कांद्याची पिशवी बघितलेली नाही. इक्बालभाईंनी लबाडी केली नव्हती. सगळा बाजार करतो तेच त्यांनी केलं होतं, आणि ते लेकीसाठी.

पण सनाचा चेहरा उतरला. ती म्हणाली की कागदावर एक माल आणि कंटेनरमध्ये दुसरा निघाला, तर जपानवाले कंटेनर परत पाठवतील. तो बेकायदा ठरेल. मग परवानगी तिला पुन्हा कधीच मिळणार नाही. इक्बालभाई ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग आता?"

"आता खरं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नवनाथने वेगळी वाट सुचवली. "मॅडम, कशाला सांगताय? सगळ्या पोत्यांच्या तोंडाला थोडं थोडं भारी घालू. उघडतील तवा तेच दिसंल."

"आणि तळ उपसला तर, नवनाथ? तू जाशील जपानला समजवायला?"

"पासपोर्ट न्हाई माझा," तो म्हणाला, आणि बायका हसल्या.

सनाने दिल्लीला आणि जपानला पत्रं लिहिली. इंग्रजी बघायला माझ्याकडे आणली. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरनी व्याकरणासाठी आमची बोटं लाल केली होती, ते अशा वेळी उपयोगी पडतं. पत्रात 'रिग्रेट' तीनदा आलं होतं. मी दोन काढली. चूक मान्य करायची तर एकदाच करावी, सरळ. बाकी पत्र तिचंच होतं. नमुना निवडून भरला गेला, तो सगळ्या मालाचा नाही, नवा घ्यावा, अर्ज दुरुस्त करू द्यावा. वडिलांचं नाव तिने कुठेही घातलं नव्हतं. 'आमच्याकडून' असं लिहिलं होतं.

जपानहून दोन ओळींचं उत्तर आलं: जुना अहवाल रद्द, नवा नमुना पाठवा.

नवा नमुना घ्यायच्या दिवशी इक्बालभाई मलाही शेडवर घेऊन गेले. सगळी पोती फरशीवर रिकामी केली होती. हिरव्या प्लेटांचा कमरेएवढा ढीग. इक्बालभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढून डोळ्यांना बांधला.

"अब्बा, बोटं पण ओळखतात तुमची," सना म्हणाली.

"म्हनून तर," ते म्हणाले, "फावडं दे. फावड्याला काय कळतंय?"

काँक्रीट कालवावं तसा त्यांनी तो ढीग खालवर केला, दम लागला की थांबत, पण फावडं कुणाला दिलं नाही. मग नवनाथने ढिगाचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन बाजूला सारले, उरलेले पुन्हा कालवले. असं करत करत शेवटी एक पोतं उरलं, ते पाठवलं. त्यात भारी होतं तसं अगदी टाकाऊही होतं. इक्बालभाईंनी रुमाल सोडून पोत्यात बघितलं आणि तोंड फिरवलं. भाजीवाल्याला सगळ्या बाजारासमोर किडकी वांगी मांडायला लावली, तर त्याचं होईल तसं त्यांचं झालं होतं.

दुसऱ्या अहवालात सोनं बरंच कमी निघालं. भावही उतरला. पण कारखान्याने माल घ्यायचं कबूल केलं आणि अर्ज दुरुस्त होऊन पुढे सरकला. मध्ये साठवणुकीची मुदत संपत आली, तेव्हा सनाने मंडळाकडे जाऊन ती वाढवून घेतली. एक व्यापारी टेम्पो घेऊन शेडच्या दारातच येऊन उभा राहिला. "मॅडम, जपानची वाट बघता बघता माल गंजंल."

"गंजू द्या," सना म्हणाली. "चहा घेणार का?"

तो चहा पिऊन रिकाम्या टेम्पोने गेला. पुढे जपानची संमती आली, मग वाटेतल्या देशाची, आणि गेल्या महिन्यात दिल्लीची परवानगी. सना तो कागद घेऊन आली तेव्हा मी भाकरी थापत होते. तिने मला पिठाच्या हातांसकट मिठी मारली.

काल कंटेनर भरताना आम्ही सगळे तिथे होतो. दाराशी ठेवायचं शेवटचं पोतं अर्धवट भरलं होतं. इक्बालभाई खाली उरलेल्या ढिगाशी वाकले आणि त्यांनी एक प्लेट उचलली. मलाही दिसलं, पिवळी धमक होती. त्यांनी ती उलटीपालटी केली. मग त्यांनी ती परत ढिगात टाकली आणि नवनाथच्या हातात फावडं दिलं.

"भर. बघू नगंस."

दार लागलं, सील बसलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा इक्बालभाई कंटेनरच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "आता कुठल्या बी बाजूनं उघडू द्या त्यास्नी."