दाजींचे नऊ खांब

समुद्रकाठच्या जागेतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या सगळ्या गोडादरा वस्तीत कुणाला कळत नाही. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, डुमसला, तोही ओहोटीला. नुसता चिखल बघून घरी आलो. अशा जाणकाराचा सल्ला माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, ऐकला. दाजी जाऊन आता दीड महिना झाला. मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि आमच्या यंत्रमागाच्या खात्यातला हिशेबनीस मेहता उतरवून घेतोय. मध्येच तो मान हलवतो, त्यावरून मला कळतं की माझं काहीतरी चुकलं.

लूमच्या खात्यात गोंगाट एवढा की माणसं हातानं बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, चहा आला... सगळ्याला खूण आहे. त्या दिवशी शेजारच्या लूमवरचा कारीगर आला आणि माझा चालता लूम त्यानं बंद केला. दुसऱ्याच्या लूमला कुणी हात लावत नाही. त्यानं माझ्याकडं बघत हात वर केला, अर्ध्यात थांबला, परत खाली घेतला. मेल्याची खूणच नाही आमच्याकडं. मला वाटलं चहा संपला. मी खुणेनं त्याला म्हटलं, अर्धा अर्धा घेऊ. तिकडं सचिन नावाच्या वसाहतीतल्या कारखान्यात दाजी मशीनखाली वाकले ते उठलेच नव्हते, आणि इकडं मी चहाची वाटणी करत होतो.

दाजी फिटर. बिघडलेल्या मशीनला कान लावायचे आणि नाडी बघितल्यासारखं सांगायचे, याला काय झालंय. त्यांच्या त्या कानामुळं त्यांना इंडोनेशियातल्या एका कापडाच्या मिलनं बोलावलं. पाच वर्षं होते तिथं. ईदला मिल बंद व्हायची, तेव्हा हसन नावाचा तिथला एक कारीगर त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. दोन दिवस मोठ्या जहाजात, मग दिवसभर होडीत. बेट केवढं, तर आमची शेजारची लिंबायत वस्ती मोठी पडेल. आणि गाव बेटावर नाहीच, बेटाच्या कडेनं पाण्यात. खांबांवर लाकडी घरं, घरांमधून फळ्यांची वाट, वाटेवर मासे वाळत घातलेले. वीज संध्याकाळपुरती, प्यायचं पाणी होडीनं, डॉक्टर पार दुसऱ्या बेटावर. तरणी पोरं मिलमध्ये निघून गेलेली, म्हातारी माणसं जाळी विणत बसलेली. दाजी मला फोनवर गावाकडच्या बोलीत म्हणाले, "आपलंच खेडं शे रे भो. फक्त शेताच्या जागी पाणी."

दुसऱ्या ईदला परत तिथंच गेले. तिसऱ्या ईदलाही. गावात होड्यांना इंजिनं होती पण इंजिनाचा मिस्तरी नव्हता. एखादं इंजिन बंद पडलं की मालक महिनाभर मासेमारीला मुकायचा. दाजींनी पहिल्याच वर्षी चार इंजिनं चालू करून दिली आणि म्हाताऱ्यांनी ठरवलं, हा माणूस गावात पाहिजे. आता परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही तिकडं, हे दाजींना मिलच्या ऑफिसात आधीच सांगितलेलं. पण गाव उभं पाण्यात, आणि पाण्यातल्या जागेला कागद कुणालाच नाही. रीत अशी की गावानं जागा दाखवायची, ओहोटीला सगळ्यांनी मिळून खांब रोवायचे. जोवर तुझी चूल पेटते तोवर जागा तुझी. दोन पावसाळे चूल थंड राहिली, तर गाव ती जागा नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला देतं. बस, एवढाच कायदा.

दाजींनी नऊ खांब रोवले. मशीन सपाट बसलंय का बघायची पाणसळ इथून नेली होती, ती खांबांच्या माथ्यावर ठेवून बुडबुडा मधोमध आणत बसले. हसनची म्हातारी आई हसून हसून बेजार. म्हणाली, समोर एवढा समुद्र सपाट पडलाय, त्याच्याकडं बघ ना! मला त्यांनी व्हिडिओ कॉलवर खांब दाखवले. मी म्हटलं, "दाजी, मांडव तर छान उभारला, नवरी कुठंय?"

"काय हसस रे? मन्हं घर शे ते."

मिलमधून सुटलो की अक्काला घेऊन इथंच यायचं, इंजिनं दुरुस्त करायची, राहण्याचा परवाना वर्षावर्षाला नवा करायचा, असं त्यांनी ठरवलेलं. माझी बहीण, जिला बस लागते, ती दोन दिवस जहाजात बसायला तयार झाली होती. कपाटावरची बॅग तिनं खाली काढून पुसून ठेवली होती. का, तर लग्नापासून तिनं सोळा भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या, आणि पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगत होतं की चूल पेटती ठेव, घर तुझं.

आणि इथं मी आलो. मिलचा करार संपत आला होता, दाजी सुट्टीवर तिला न्यायला आले होते. मी म्हटलं, दाजी, कागद नसलेलं घर म्हणजे काय घर? उद्या भरतीत गेलं तर तक्रार कुणाकडं करणार, माशाकडं? गोडादऱ्याच्या मागं एका सोसायटीत प्लॉट निघालेत, पक्का कागद आहे, मी स्वतः बघतो. मी स्वतः बघितला पण. रंगीत नकाशा होता, त्यात बाग होती, मंदिर होतं, झुल्यावर बसलेली बाई होती. दलाल मला खुर्ची द्यायचा, थंडा मागवायचा. खात्यात मला कुणी स्टूल देत नाही. मी त्या खुर्चीतच विकला गेलो. कागद सगळा गुजरातीत. अक्का म्हणाली, "कुणा गुजराती माणसाकडून वाचून तर घे." मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात? शिक्के बघ किती आहेत!" मी शिक्के मोजले. सात भरले. दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग अक्काकडं, आणि साठवलेले पैसे मोजून सही केली. मशीनचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, पण माझ्या आवाजात त्याला खोट ऐकू आली नाही... कारण खोट नव्हतीच. मला खरंच वाटत होतं, मी लई शहाणा.

कागद पुढं याच मेहतानं वाचला. म्हणाला, यात तर शेतजमीन लिहिलीय, घर बांधता येणार नाही. तोवर दलालाच्या ऑफिसात दुसऱ्या कुणाचं तरी मोबाईलचं दुकान आलं होतं. सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणाले वकील आणा, वकील म्हणाला पहिला मालक आणा, पहिला मालक म्हणाला माझीच केस चालूय. कागद नीट होईल म्हणून दाजी थांबले, तेवढ्यात मिलनं दुसरा फिटर घेतला. दाजी सचिनला लागले. पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं आणि आमच्या प्लॉटवर मांडीएवढं उभं राहिलं. मी तिथंही तोंड उघडलंच. म्हटलं, "घ्या दाजी, शेवटी पाण्यातली जागा मिळाली." ते हसले. मोठ्यानं हसले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. त्यांनी मला एक शिवी द्यायची होती, एक कानाखाली ठेवून द्यायची होती. पाच वर्षांत त्या प्लॉटवरून ते मला एक शब्द बोलले नाहीत. असल्या माणसाशी भांडायचं कसं?

तिकडं मात्र हसनच्या आईनं नऊ खांबांवर फळ्या टाकून घेतल्या, अर्ध्या भागावर झावळ्यांचं छप्पर केलं, आणि दर शुक्रवारी तिथं जाऊन चूल पेटवायला लागली. परक्या माणसाची जागा जाऊ नये म्हणून. हसन दाजींच्या फोनवर चुलीच्या धुराचा फोटो पाठवायचा. दाजी तो बराच वेळ बघायचे आणि उत्तराला नुसता अंगठा पाठवायचे. "औंदा जाऊ," म्हणायचे. पासपोर्टची मुदत कधीच संपलेली.

दाजी गेल्यावर अक्कानं फोन माझ्याकडं दिला, म्हणाली, सगळ्यांना कळव. मी सगळ्यांना कळवलं, हसनला नाही. शुक्रवारी धुराचा फोटो आला. मी अंगठा पाठवला. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दराला तेवढंच जमतं. पुढच्या शुक्रवारी परत अंगठा. असे सहा झाले. सहाव्या वेळी फोटोबरोबर हसनचा मोडक्या हिंदीत बोललेला निरोपही आला होता: भाई, माझ्या पुतणीचं लग्न झालंय, जावई-लेक आमच्याच घरात दाटीवाटीनं राहतात, गाव विचारतंय तू येणार का? तू येणार असशील तर त्यांना थांबायला सांगतो. मी त्यालाही अंगठा पाठवला.

परवाच्या रविवारी अक्काच्या खोलीत बसलो होतो. फळीवर दाजींची पाणसळ असते. खोलीची भिंत खचलेली, त्यामुळं फळी कलती आणि बुडबुडा कायम एका कोपऱ्यात. दाजी रोज कामावरून आले की फळीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून तो मध्ये आणायचे, सकाळपर्यंत तो परत कोपऱ्यात. मी उठून पुठ्ठा सारत होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. हसनचा व्हिडिओ कॉल. मी कापला. परत वाजला. परत कापला. अक्कानं विचारलं, "कुणाचा रे?"

मग सगळं सांगावं लागलं. अंगठे, पुतणी, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "अक्का, इथं कागद होता तर जागा नव्हती. तिथं कागद नाही, पण जागा आहे. जगात दाजींचं तेवढंच राहिलंय. मी सांगितलं की ती चूल विझेल."

अक्का उठली. मी घातलेला पुठ्ठा तिनं काढून टाकला, पाणसळ फडक्यानं पुसली आणि होती तशी कलती ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "एक जागा तू बुडवली. आता त्या पोरीची अडवू नको. लाव फोन."