शिडीवालीचा दुसरा फेरा

जीवनदादूसला आमच्या गावात कुणी खोटारडा म्हणत नाही. तेवढी सभ्यता आमच्याकडे आहे. फक्त तो काही सांगायला लागला की ऐकणारा हळूच म्हणतो, "दादूस, शिडी मारू नको."

शिडी मारणं हा शब्दप्रयोग उरणच्या आमच्या बाजूला, तोही दोन-तीन गावांतच चालतो. तो जन्माला आला जीवनदादूसमुळे, आणि गेली तीसेक वर्षं त्यानेच तो सोसला.

माणूस तसा साधा. बापजादे मिठागरातले, आता मिठागराच्या जागी कंटेनर यार्ड आहे आणि हा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. पोर्टच्या गेटबाहेर रांग लागली की बाकीचे ड्रायव्हर पत्ते काढतात, हा केबिनमध्ये पाय वर घेऊन हातातला गेम काढतो. पंचेचाळिशी आलेली, पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर, आणि अंगठे एखाद्या तबलजीसारखे. गेम या विषयावर त्याची मतं विचारायची नसतात. ती येतात.

"आताच्या गेममदी बाण दाखवतात. इकडं जा, तिकडं वळ, हा दरवाजा उघड. आमाला कोनी बाण दाखवला? पोर्टच्या गेटवर पन दाखवत नाय."

पोरं कानाला हेडफोन लावून दिल्लीतल्या कुणाच्या तरी आईचा उद्धार करत असली की तो दारात थांबतो. "शिव्या आमी पन दिल्या. पन बाजूला बसलेल्याला दिल्या. थोबाडात बसायची भीती होती, म्हनून मोजून दिल्या." रंगीत दिवे लावलेल्या खुर्च्यांबद्दल त्याचं म्हणणं असं, की बसायला खुर्ची लागते तो खेळाडू नाही, पेशंट आहे.

आणि रिमेक. रिमेकवर तर तो हळदीच्या मांडवातही बोलू शकतो आणि बोललेला आहे. "जुना घर पाडून बंगला बांधा, माझी ना नाय. पन बंगल्याला जुना घर बोलू नका."

हे सगळं लोक हसत ऐकायचे. मान मात्र कुणी डोलवायचं नाही. त्याचं कारण शिडीवाली.

शिडीवाली म्हणजे एक कॅसेट. टीव्हीला लावायचा गेम गावात पहिल्यांदा आळीतल्या हरेश्वरच्या घरी आला. त्याचे वडील पोर्टवर कामाला होते, त्यांनी मुंबईहून आणला. सोबत पिवळ्या रंगाची एक कॅसेट. तिच्यावर चिनी की जपानी अक्षरं होती, ती वाचणारा गावात कोण? मग पोरांनीच नावं ठेवली. गेमचं नाव शिडीवाली, कारण हातात कंदील घेतलेला एक माणूस शिड्यांवर शिड्या चढत एका मनोऱ्यावर जायचा. वाटेत कोळी, वटवाघळं, आणि गोल डोक्याचं एक पांढरं भूत. ते कधी घाई करायचं नाही, पण पाठ सोडायचं नाही, आणि एकदा धरलं की संपलं. त्याचं नाव मामलेदार.

गेममध्ये तीन जीव मिळायचे. आळीत पोरं मात्र पंधरा. म्हणून नियम निघाला: एक जीव, एक माणूस. मेलास की रिमोट खाली. पुढचा जीव पुढच्याचा. तेव्हा कंट्रोलरला रिमोटच म्हणायचे. हा नियम सगळ्यात मोठ्याने ओरडून कोण पाळायला लावायचं, तर जीवन.

मनोऱ्याच्या टोकाला घंटा होती. ती वाजवली की पडदा लाल व्हायचा आणि माणूस परत खाली, पहिल्या शिडीपाशी. हा दुसरा फेरा. त्यात चढता चढता शिड्या पायाखालून गायब व्हायच्या आणि सगळे जीव बघता बघता जायचे. आळीने ठरवून टाकलं की ही कॅसेट गोल आहे, तिला शेवट नाही.

मग जीवनला कावीळ झाली. शेजारच्या गावात क्रिकेटची फायनल होती, अख्खी आळी तिकडे. जाताना हरेश्वरने मोठ्या मनाने गेम त्याच्या घरी ठेवला. संध्याकाळी पोरं परतली तर हा पिवळाधमक चेहरा घेऊन ओट्यावर उभा. "संपवली," म्हणाला. "दुसरा फेरा संपवला. घंटा वाजली आनी तो खाली उतरला. सगळ्या शिड्या उतरला. मामलेदारानं बाजूला होऊन वाट दिली. मंग तो घरात गेला आनी कंदील विझवला."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एवढा जीव तोडून वर चढलेला माणूस खाली उतरतो? आणि मामलेदार वाट देतो?

"कावीळ डोक्यात गेली याच्या," हरेश्वर म्हणाला.

परत करून दाखव म्हटलं तर जमेना. महिन्याभरात अ‍ॅडॉप्टर जळाला, कॅसेट कुणीतरी नेली ती नेलीच. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण हरेश्वरने ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीत सांगितली, आणि तो सांगतोही छान. पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, आणि त्या पोरांनाही शिडी मारणं म्हणजे काय ते ठाऊक झालं.

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. पण समाजमंदिराच्या स्लॅबच्या वेळी जीवनदादूस मंडळाच्या बैठकीत उठून म्हणाला की रेती खारी आहे, कंटेनर यार्डाच्या भरावातली आहे, मी गाडी बघितली. मागून कोणीतरी म्हणालं, "शिडी." सगळे हसले. त्याच रेतीचा स्लॅब टाकला, तो दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला. तेव्हा कुणी हसलं नाही आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. त्या बैठकीनंतर हा मंडळात बोलायचा बंद झाला. गेमबद्दल बोलायचा तेवढाच.

यूट्यूबवर शोधायची सोय नव्हती का, असं तुम्ही विचाराल. शोधणार काय? खरं नाव ठाऊक नाही. 'शिडीवाली' असं टाकलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या विकणारे येतात. त्याने बघितलंय.

गेल्या श्रावणात तो जेवत होता. पूर्वी नावाची त्याची मुलगी आत नवीन गेम खेळत होती. ती कॉलेजला आहे आणि बापाचे अंगठे घेऊन जन्मलेली आहे. आतून ओळखीचे सूर आले, पाच-सहाच. जीवनदादूस भाताचा घास हातात घेऊन उठला.

"ह्यो कंचा गेम?"

"रिमेक आहे बाबा. तुम्हाला नाही आवडणार."

पडद्यावर एक माणूस कंदील घेऊन उभा. त्याला आता दाढी होती, दुःख होतं, वाऱ्याने उडणारा कोट होता. शिड्यांना गंज होता आणि तो गंज चकाकत होता. दर दोन शिड्यांवर एक बाण होता. आणि तो मामलेदार! त्याला चक्क लहानपणीची करुण कहाणी दिली होती.

"मामलेदाराची दया येते आता," पूर्वी म्हणाली.

"मामलेदाराची दया?" तो खाली बसला. हात तसाच खरकटा.

त्याची बायको हेमालीवहिनी सांगते की त्या रिमेकला रोज नावं ठेवत त्याने तो आठवड्यात पूर्ण खेळला. "शत्रू ओळखाय लागतो," हे त्याचं स्पष्टीकरण. रिमेकमध्ये दुसरा फेराच नव्हता. घंटा वाजली, सूर्य उगवला, संपलं. पण मेनूत सगळ्यात खाली, जुन्या आवडीच्या लोकांसाठी म्हणून, मूळ गेम जसाच्या तसा दिला होता. चौकोनी माणूस, चौकोनी कंदील.

"आता नाव कळलं. यूट्यूबवर शेवट एका मिनिटात बघू," पूर्वी म्हणाली.

"बघितलास तर जेवान बंद."

पण बातमी हरेश्वरकडे पोचली. त्याचं आता मोबाईलचं दुकान आहे आणि भाद्रपदातल्या संकष्टीला बसणाऱ्या साखरचौथीच्या गणपतीचा तो अध्यक्षही आहे. कुणीतरी त्याला व्हिडिओ दाखवतो म्हणालं, त्याने हात वर केला. "व्हिडिओ मना नको दाखवू. आता एआयवर म्हस पन भाषन करते. जीवनच्या हातानं, माझ्या डोल्यासमोर होऊ दे."

म्हणून साखरचौथीला, विसर्जनाच्या दिवशी दुपारी, आरतीनंतर मंडपात प्रोजेक्टर लागला. दीड दिवसाच्या गणपतीला एवढी गर्दी आम्ही ऑर्केस्ट्रालाही बघितली नव्हती. क्रिकेटची कॉमेंट्री करणारा अल्पेश माईक घेऊन आला, कारण माईक लागला की तो येतोच.

हरेश्वरने घोषणा केली. "आलीचा नियम. एक जीव, एक मानूस. पयला जीवन, मंग विनेश, मंग मी."

हेमालीवहिनी मागून म्हणाली, "भोगा आता. नियम यांचाच."

जीवनदादूसने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिला फेरा असा काढला की अल्पेशला बोलायला जागा मिळेना. घंटा. पडदा लाल. दुसऱ्या फेऱ्यातही तो अर्ध्यापर्यंत गेला, गायब होणाऱ्या खोट्या शिड्या टाळत, तोंडाने पुटपुटत. आणि मग वटवाघूळ आलं. तिथे वटवाघूळ असतं हे त्याला ठाऊक होतं, पण घाम चष्म्यावर उतरला आणि अंगठा अर्ध्या श्वासाने उशिरा पडला.

त्याने रिमोट खाली ठेवला. उठून मागे जाऊन उभा राहिला.

विनेश हा आमचा भजनातला पखवाजवाला, तेव्हाच्या पंधरा पोरांतला. त्याने रिमोट घेतला, देवाला हात जोडले आणि फेऱ्याच्या पहिल्याच शिडीवर मेला. "नमस्कार लांबला," अल्पेश म्हणाला.

उरला शेवटचा जीव, तो हरेश्वरच्या हातात. आता हे लक्षात घ्या, की त्याने मुद्दाम मरायचं ठरवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. जीवनदादूस आणखी तीस वर्षं शिडीच राहिला असता. हरेश्वर दोन वेळा वळून त्याच्याकडे बघून हसलासुद्धा. पण खेळणारा माणूस ऐन खेळात मुद्दाम मरू शकत नाही. जीवनने धरलेल्याच शिड्या धरत त्याने वटवाघूळ ओलांडलं तेव्हा त्याचे ओठ दातांत होते.

मग दोन शिड्या आल्या. डावी दोन पावलांवर. उजवी लांब, आणि उजवीकडूनच मामलेदार येत होता, सावकाश.

"डावी खोटी हाय," मागून जीवनदादूस म्हणाला.

हरेश्वर थांबला. "ती जवल हाय."

"म्हनून तर खोटी हाय."

"मामलेदार हाय तिकडं."

"त्याला येऊ दे. अगदी अंगावर येऊ दे. मंग चढ. हरेश्वर, मी ही चढलोय."

मामलेदार येत होता. हरेश्वरने आयुष्यभर ज्या माणसाच्या एका गोष्टीवर सगळ्यांना हसवलं, त्याच माणसाच्या शब्दावर पाय टाकायचा की नाही, एवढंच आता त्याच्या हातात होतं. तो उजवीकडे वळला. मामलेदार कंदिलाला टेकायला आला तेव्हा शिडी चढला.

शिडी खरी निघाली.

"बोल पुढं," हरेश्वर म्हणाला.

पुढच्या प्रत्येक शिडीला तो विचारत गेला. "ही?" "खोटी." "ही?" "मधल्या पायरीवर थांब. आता जा." अल्पेशने माईक कधीच खाली केला होता. "बोल, जीवन." "उडी नको मारू. चालत जा." घंटा दिसली. हरेश्वरने वाजवली आणि पडदा काळा झाला.

"गेली लाईट?" कुणीतरी विचारलं.

"बटन दाबू नको," जीवनदादूस म्हणाला. "थांब."

काळ्यात एक पिवळा ठिपका उजळला. कंदील. चौकोनी माणूस घंटेपाशी उभा राहिला, वळला, आणि खाली उतरायला लागला. एक शिडी, दुसरी शिडी. कोळी जागच्या जागी बसलेले. वटवाघळं उलटी लटकलेली. मधल्या मजल्यावर मामलेदार समोर आला आणि बाजूला सरकला. वाट दिली. सगळ्यात खाली एक घर होतं, एवढंसं. माणूस आत गेला. कंदील विझला.

मग मंडप फुटला. विनेशने पखवाजावर थाप टाकली, पूर्वी खुर्चीवर चढली, आणि हेमालीवहिनी पदराने चष्मा पुसायला लागली. तो नवऱ्याचा होता आणि त्याच्या डोळ्यांवरच होता.

हरेश्वरने अल्पेशकडून माईक घेतला. नेहमी लांबण लावणारा माणूस, पण त्या दिवशी दोनच वाक्यं बोलला. "जीवन तवा खरा बोलत होता. ही गोष्ट मी आजपासून अशीच सांगनार."

"आनी रिमेक?" कोणीतरी छेडलं.

"रिमेकमदी मामलेदार रडतो," जीवनदादूस म्हणाला. "इथं तो वाट देतो. आता तुमीच ठरवा." आणि पहिल्यांदा लोकांनी मान डोलवली.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. गणपतीची ट्रॉली नाक्याकडे वळणार, तेवढ्यात जीवनदादूस पुढे आला आणि म्हणाला, "नाक्यावरनं नको. आज दोन जहाजं लागलीत, ट्रेलरची रांग नाक्यापरयंत आली असंल. जुन्या मिठागराच्या बांधानं चला."

बांधाची वाट अरुंद आणि खड्ड्यांची. एरवी यावर अर्धा तास भांडण झालं असतं.

हरेश्वरने ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "बांधानं घे."

ट्रॅक्टर वळला, मागे ताशा वळला, बायका वळल्या. कशावरून, असं कुणी विचारलं नाही.