टकलाचं श्रेय

शिकवणीवाल्या सरांचा जीव एका इंग्रजी क्रियापदावर जडला होता: 'अ‍ॅट्रिब्यूट'. "म्हणजे एखादी गोष्ट कोणामुळे घडली ते सांगून मोकळं होणं," सर फळ्यापाशी समजावत. "आधी गोष्ट, मग 'टू', मग तिचा धनी. धनी गाळला की वाक्य लंगडं." उदाहरणही ठरलेलं: माझ्या टकलाचं श्रेय मी माझ्या मेव्हण्याला देतो. जिन्याखालच्या त्या खोलीत यावर पोरांच्या पिढ्या हसल्या. मेव्हणा मात्र फणफणायचा, "दाजी, टक्कल तुमचं आणि बदनामी माझी."

त्या पोरांतलाच एक लाडका विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाला. इंग्रजी शब्दांवर त्याचं भाषण ठरलं, तेव्हा सरांनी गल्लीभर दवंडी पिटली, "बघाच, माझं नाव घेतल्याशिवाय तो पुढे जायचा नाही."

"न्हाव्यालासुद्धा सांगून आलात," बायको म्हणाली. "तुमचं त्याच्याकडे काय काम होतं?"

भाषणाला सर, बायको आणि मेव्हणा पहिल्या रांगेत बसले. प्राध्यापकाने 'अ‍ॅट्रिब्यूट' काढलं, तसे सर ताठ झाले.

"धनी गाळला की वाक्य लंगडं, असं मी नेहमी सांगतो," प्राध्यापक म्हणाला. "आता माझंच बघा. माझ्या टकलाचं श्रेय मी माझ्या मेव्हण्याला देतो."

याच्या डोक्यावर कंगवा अडकेल एवढं रान. तरी सभागृह खो खो हसलं. सरांचा हात टाळीसाठी उचललेला, तो तसाच मांडीवर आला.

"चोरायचं तर डोक्याला शोभेल असं तरी चोरावं," बायको पुटपुटली.

"दाजी, तो मेव्हणा मी ना?" मेव्हण्याने विचारलं.

"तूच रे."

भाषण संपलं, प्राध्यापकाभोवती घोळका जमला. सर अजून आशेवर होते. मंचावर गडबडीत राहिलं असेल, आता सांगेल. घोळक्यातल्या एकाने सरांकडे बघत विचारलंही, "हे कोण?"

"आमच्या जुन्या गल्लीतले," प्राध्यापक हसून म्हणाला. "लहानपणापासून ओळखतात मला."

"छान बोललास," एवढंच सरांच्या तोंडून निघालं.

बाहेर पायऱ्यांवर मेव्हण्याने त्यांचा दंड धरला. "दाजी, उद्या वर्गात खुशाल माझं नाव घ्या. मी नाही चिडणार."

"ते उदाहरण आता नको रे," सर म्हणाले. "पोरं म्हणतील, सरांनी प्राध्यापकांचं उचललं."