आठ तास लुकलुकणारा कंदील

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. धाकट्या भावालाही नाही, ज्याच्याशी मी एरवी काहीही बोलतो. दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा भलत्याच विषयावर घसरलो. आज तुम्हाला लिहून सांगायला बसलोय, तरी हात सारखा थांबतोय.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप होतं — आमचं म्हणजे आप्पांचं, ते मालक. वीज गेली की लागणारे दिवे आम्ही बनवायचो. दहा-बारा माणसं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला मी एकटा. सत्तावीस वर्षांचा होतो, आणि केस पिकलेली माणसंसुद्धा मला साहेब म्हणायची. ती हाक मला आवडायची. फार आवडायची — हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच झालं.

साताऱ्याच्या एका डोंगरभटक्या मंडळाने आप्पांकडे कंदील मागितला. मुक्कामाला नेता येईल असा, आणि कुणी अडकलं तर लांबून दिसेल असा इशारा देणारा. तीन महिने मी त्याच्यामागे होतो. खाली पांढरी ट्यूब, वर तांबड्या टोपणाखाली बल्ब. बटण ‘इशारा’वर सरकवलं की बल्ब लुकलुकायला लागायचा. बॅटरी पूर्ण भरून चालवून पाहिला, तर आठ तास चालला. माहितीपत्रकावर मीच लिहिलं — ‘इशारा सलग आठ तास’. आप्पांनी ते मोठ्या अक्षरांत छापून घेतलं.

ते खोटं होतं का? नव्हतं. तेवढ्याच आधारावर तर मी कितीतरी दिवस काढले.

शालनबाई आमच्याकडे सोल्डरिंग करायच्या. शिराळ्याकडच्या, सातवी शिकलेल्या. सोल्डरच्या जोडाला आमच्याकडे डाग म्हणायचे, आणि शालनबाईंचा डाग कधी सुटला नाही, असं आप्पाच सांगायचे. एका दुपारी वीज गेली. पत्र्याच्या शेडमध्ये आतल्या बाजूला अंधार असायचा, म्हणून त्यांनी नमुन्यातलाच एक कंदील लावून तीन तास काम केलं. मग सहज बटण इशाऱ्यावर नेलं. दहा मिनिटांत लुकलुक बंद.

त्या माझ्या टेबलाशी आल्या. “साहेब, ह्यो आधी उजेडाला वापरला, तर इशारा चालत न्हाई. डोंगरात मानूस आधी उजेडच करनार की वो. अडचन येनार ती मागनं.”

मग त्याच पुढे म्हणाल्या, “ट्यूब आधीच बंद पडंल आसं करा. थोडी बॅटरी इशाऱ्यापुरती राखून ठिवायची.”

त्यांचं बरोबर होतं. ऐकता ऐकताच मला कळलं. ट्यूबने बॅटरी बरीच उतरवली की माझं सर्किट इशारा चालवूच शकत नव्हतं, आणि तीन महिन्यांत एकदाही मी वापरलेल्या बॅटरीवर तो लावून पाहिला नव्हता. दुरुस्तीला फार तर पंधरा दिवस लागले असते. पण आप्पांना जाऊन काय सांगायचं — की सातवी पास बाईला दिसलं ते मला दिसलं नाही? “शालनबाई, तुम्ही डागाचं बघा,” मी म्हणालो. “सर्किटचं मी बघतो.” त्या गेल्या. मी काहीच बघितलं नाही. आठवड्याभरात कंदील साताऱ्याला गेले.

मंडळाच्या मोहिमा धोंडिराम हवालदार चालवायचे. माण तालुक्यातले, लष्करातून निवृत्त झालेले. त्या हिवाळ्यात एका मुक्कामावर ते संध्याकाळपासून उजेडाला लावलेला कंदील घेऊन पाणी आणायला खाली उतरले. धुकं होतं. पाय घसरला आणि दोन दगडांमध्ये अडकला. त्यांनी इशारा लावला. वरच्या माणसांना तांबडा दिवा दिसला, ती त्या रोखाने उतरायला लागली — आणि दिवा बंद झाला. धुक्यात माणसं शेजारच्या घळीत शिरली. हवालदारांच्या हाका तिथवर पोचल्या नाहीत. सापडले ते उजाडल्यावर. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मंडळाची माणसं कंदील घेऊन आली. आप्पा त्यांच्याशी बाहेर बोलत बसले आणि कंदील माझ्याकडे दिला, काय झालं ते बघायला. मी खोलला. आत सगळं ठीक होतं. शालनबाईंचे डाग एकसारखे, चकचकीत.

मी चिमटा घेतला आणि बल्बकडे जाणारी एक तार तिच्या डागातून ओढून काढली.

लिहिलं एकदाचं. त्या वेळी घाबरलो होतो का? होतो. पण तार अलगद निघावी म्हणून मी आधी डाग तापवलासुद्धा.

सुटलेली तार मी बाहेर नेऊन दाखवली. आप्पांनी शालनबाईंना बोलावलं. त्यांनी कंदील हातात घेतला, उजेडाकडे धरून बघितला. “ह्यो डाग माझा न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्या काय सांगितलं हुतं, ते साहेबांस्नी इचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शालनबाईही. त्या चिडल्या नव्हत्या — मी बोलेन म्हणून थांबल्या होत्या.

“मला काही आठवत नाही,” मी म्हणालो. आणि वर, समजूतदारपणे — “घाईत राहतो एखादा डाग, आप्पा. जाऊ द्या.”

आप्पांनी त्यांना कामावरून काढलं नाही. शालनबाईंनीच डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. पुढचे कंदील मी त्यांनी सांगितलं होतं तसेच केले, थोडी बॅटरी राखून. आप्पांनी माझी पाठ थोपटली.

वर्षभराने हवालदारांचं पत्र आलं, माझ्या नावाने. दिवा थोडा का होईना लागला म्हणून माणसं निदान आपल्या बाजूला वळली, असं लिहून त्यांनी माझे आभार मानले होते. खाली एक ओळ — ‘जोड देणाऱ्या बाईंना सांगा, माझा राग नाही. फौजेत आमच्या हातूनही चुका झाल्या.’

पत्र खिशात घालून मी शिराळ्याला गेलो. शालनबाई घराच्या पडवीत बसून कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. काय सांगणार होतो? माझ्या गुन्ह्याची माफी त्यांच्या पदरात घालणार होतो, की खरं बोलणार होतो? त्यांनी मान वर केली. ओळखलं. तापलेलं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

मी वळलो आणि स्टँडवर येऊन सांगलीची गाडी पकडली.

हवालदार चार वर्षांपूर्वी वारले. एका बाईच्या हातून चूक झाली आणि आपण तिला माफ केलं, असंच शेवटपर्यंत धरून गेले.