सरळ दिसणारा गणवेश

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा डावा खांदा खाली आहे, हे मला आई असून दिसलं नाही. नायगावच्या आमच्या चाळीतल्या शिंप्याला दिसलं. शाळेच्या गॅदरिंगसाठी परकर-पोलक्याचं माप घेताना त्याने टेप दोनदा लावली आणि म्हणाला, "ताई, एकदा डॉक्टरला दाखवा."

परळच्या डॉक्टरबाईंनी तिला पुढे वाकायला लावलं, एक्स-रे काढला, रक्त तपासलं. पाठीच्या कण्याला थोडा बाक होता आणि व्हिटॅमिन डी कमी होतं. काही आठवडे दर आठवड्याला एक पुडी दुधातून द्या आणि चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढा, असं त्या म्हणाल्या. दोन्ही गोष्टी एका दमात ऐकल्या आणि मी त्यांची एकच करून टाकली. व्हिटॅमिन कमी म्हणून बाक. पुडी दिली की बाक जाणार. शाळेत मला एवढ्या झटपट कुठलं गणित सुटलं नव्हतं.

मग दर रविवारी पुडी, रोज सकाळी गच्चीवरचं ऊन. शेजारच्या काकूंनी नाचणीची खीर सुचवली, तीही सुरू केली. जूनमध्ये शिंप्याकडून नवा गणवेश आला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, तर दोन्ही खांदे एका रेषेत! मला रडूच आलं. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला होता. गणपतीला नारळ फोडला. एक्स-रेची चिठ्ठी कपाटातच राहिली. बऱ्या झालेल्या पोरीला उगाच कशाला मशीनपुढे उभं करायचं?

दिवाळीत माझ्या बहिणीने तिला दुकानातून तयार फ्रॉक आणला. तो डाव्या खांद्यावरून सारखा उतरायचा. एवढा महागाचा फ्रॉक आणि शिवण वाकडी, म्हणून मी तणतणत शिंप्याकडे गेले. त्याने फ्रॉक उलटसुलट करून पाहिला.

"फ्रॉक बरोबर आहे, ताई. गणवेशाला मी आतून डावीकडे पॅड लावलंय. शाळेत पोरं हसतात ओ. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

दुसऱ्याच दिवशी एक्स-रे काढला. बाक वाढला होता. पुडी हाडांसाठी होती, तिने बाक सरळ होत नाही, आता पट्टा लावावा लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मुळात झालं कशामुळे, तर बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही म्हणे. मला काही कळेना. शिंप्यावर चिडावं, तर त्याने माया केली होती. व्हिटॅमिनवर चिडावं, तर त्याने आपलं काम केलं होतं. उरले मी, आणि माझीच मला भीती वाटायला लागली.

बसस्टॉपवर मी मुलीला विचारलं, "तुला ते पॅड जाणवलं नाही का गं?"

"जाणवायचं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश होतीस," ती म्हणाली.