उत्तरेश्वर कासाराचे हात

तेरच्या उत्तरेश्वर कासाराला स्वतःच्या हातांचा भारी गर्व. बाईचा पंजा कितीही टणक असो, गप्पांच्या ओघात तो अंगठा अलगद दाबायचा आणि बांगडी कधी चढली ते तिला कळायचंही नाही. "लोण्याचे हात हैत," असं तो स्वतःच सांगायचा. दुसरं कुणी म्हणेपर्यंत थांबायला त्याला दम नव्हता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली त्याच बोटांवर पांढरे डाग उमटले. आमच्या गावातल्या बायका मोठ्या भिडस्त. 'कोड' हा शब्द एकीनंही तोंडातून काढला नाही. फक्त सगळ्यांची बोटं एकाएकी सुजली. बांगड्या घ्यायच्या, पण "सूज उतरली की भरीन" म्हणून घरी न्यायच्या.

सोलापूरच्या डॉक्टरनं त्याला समजावलं, की हे दुसऱ्याला लागत नाही. शरीरच चुकून आपल्या रंगावर उलटत असावं. उत्तरेश्वर खूश होऊन परतला आणि पारावर सांगत सुटला, "अंगातली भावकी भांडलीया. भावकीचं भांडण शेजाऱ्याच्या घरात शिरतं का?"

उदाहरण चुकलं. तेरमध्ये ते हटकून शिरायचं.

मग कमलबाईच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीचा चुडा कासारानंच भरायचा, म्हणून त्याला बोलावणं आलं. बायको गिरिजाबाईला घेऊन तो गेला, तर कमलबाई म्हणाली, "बांगड्या तेवढ्या द्या, म्या भरते." त्यानं हसून नवरीचा हात हाती घेतला. इथं रीत मोडली की गावात पुन्हा कुणी आपल्या हातात हात देणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

पहिलीच बांगडी फुटली. अशा वेळी 'फुटली' म्हणायचं नसतं, 'वाढली' म्हणायचं. दुसरीही वाढली. नवरीच्या हाताला रक्त आलं आणि बायकांच्या तोंडचं पाणी पळालं.

गिरिजाबाईनं बांगड्यांची टोपली खाली ठेवून नवऱ्यापुढं हात केला. "आदी मला भरा. गावभर भरत हिंडता, घरच्या बाईसाठी कवा सवड न्हाय."

बायका हसल्या. उत्तरेश्वरनं तिचा अंगठा अलगद दाबला आणि बांगडी चढली. त्या बाईचं मला अजून कौतुक वाटतं.

मग आईकडं न बघता नवरीनंच हात पुढं केला. चुडा भरून झाला तरी उत्तरेश्वर तो हात धरूनच बसला होता.

"सोडा आता," कमलबाई हळूच म्हणाली, "पोरीला हळद लावायची हाय."