देवचंद आला म्हणजे

देवचंदची सायकल दारापुढं थांबली की बायका आधी पदर तोंडाला लावायच्या आणि मग विचारायच्या, "कोन?" माणूस वाईट नव्हता. उलट सौंदडच्या आसपास, तळी बांधून धान पिकवणाऱ्या कोहळी जातीत, इतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. पण कामच तसं गळ्यात पडलेलं. गावात कोणी गेलं की नात्यागोत्यात खबर पोचवायची ती देवचंदनं. त्याला कोणी नेमलं नव्हतं की काही द्यायचं ठरलं नव्हतं. तरुणपणी काकाच्या मयतीला त्यानं एका दिवसात सात गावं केली आणि तेव्हापासून लोकांनी त्याला सोडलं नाही.

लोकांना वाटायचं, यात काय एवढं, पायडल मारले की झालं. मारून पाहा म्हणावं. मयत झाली की देवचंद आधी ओट्यावर बसून घ्यायचा. आत रडारड चाललेली असायची आणि हा गडी काटकीनं धुळीत रेघा ओढत थंडपणे विचारायचा, पोरी किती, दिल्या कुठं, कोणाच्या अंगावर लहान लेकरू आहे, कोणाच्या गावाला एस.टी. लागते. मग रस्ता ठरायचा. लांबची लेक आधी, कारण तिला यायला वेळ लागतो. जवळचे भाऊबंद शेवटी, ते काय, धावत येतात. पावसाळ्यात तळ्याचा सांडवा वाहत असला तर पाळीच्या बांधावरून जाता येत नाही, तेव्हा कालव्याच्या म्हणजे नहराच्या काठानं जायचं. दिवाळीनंतर धान कापला की रिकाम्या खाचरांमधून, बांध्यांमधून, सरळ सायकल काढायची, दोन कोस वाचतात. कोहमाऱ्याच्या चौकातला पंक्चरवाला उन्हं चढल्याशिवाय दुकान उघडत नाही, म्हणून पंप आणि सोल्युशन जवळ बाळगायचं. छोट्या रुळांची मोठी लाईन झाली तेव्हा तर त्यानं रेल्वेलाही कामाला लावलं. पॅसेंजर आली की सायकल बाहेरून खिडकीच्या गजांना दोरीनं बांधायची, गोंदियाला सोडायची आणि पुढं हाणायची. टीसी ओरडायचा. देवचंद म्हणायचा, "साहेब, मयतीची हाये." मग ओरडणाराच दुसरीकडं बघायला लागायचा.

"मेले" हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. "तब्येत जास्त हाये, चला," एवढंच म्हणायचा आणि पाणीही न घेता पुढच्या गावाला लागायचा. त्याच्या हातून एकाही लेकीचं आईबापाचं तोंड पाहायचं राहिलं नाही. त्याला मिजास होती ती एवढीच.

त्याला स्वतःला एकच लेक, पुष्पांजली. कोहळ्यांच्या पोरी सहसा तळ्यांच्याच मुलखात पडतात. ही मात्र लांब पडली, आमगावच्याही पुढं तीन कोस. सासर चांगलं होतं, शेती होती, सासू मायाळू होती. मनकर्णाबाई, म्हणजे देवचंदची बायको, लग्नात म्हणाली होती, "एवढ्या लांब कायले देता?" देवचंद हसून म्हणाला, "लांब कायचं? मी सायकलनं अर्ध्या दिवसात पोचतो."

पोचला, आणि तिथंच सगळं बिघडलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पुष्पांजलीच्याच गावात, तिच्या मागच्या आळीत, एकाला खबर द्यायची होती. खबर दिली आणि आलोच आहे तर लेकीला भेटून जाऊ म्हणून देवचंद तिच्या दारात गेला. पुष्पांजली विहिरीवरून पाण्याचे दोन गुंड, म्हणजे पितळी हंडे, भरून घेऊन येत होती. बापाची सायकल दिसली आणि तिला वाटलं, माय गेली. गुंड सुटले, ती दगडावर पडली. तिसरा महिना होता. देवचंद ओरडत राहिला, "काई नाई बाई, माय बरी हाये, मी सहज आलो." पण सहज येणारा माणूस तो राहिलाच नव्हता. मूल गेलं. पुष्पांजलीनं बापाला कधी बोल लावला नाही आणि त्याच्या जिवाला तेच जास्त खात राहिलं. त्यानंतर तिच्या गावाकडची खबर असली की तो दुसऱ्याला पाठवायचा.

दोन हजार दोनचा ऑगस्ट. धानलावणीचा रोवणा ऐन भरात होता आणि मनकर्णाबाईनं अंथरूण धरलं. ताप, खोकला, अन्नावरची वासना गेलेली. सडक अर्जुनीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाला, पंधरा दिवस आराम करा. पण बाईला आपलं काय ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अजी, पुष्पाले घेऊन या ना. एकडाव पाहू द्या मले."

"आनतो," देवचंद म्हणाला.

"आनतो नोका म्हणू. जा."

तो ओट्यावर येऊन बसला. दुसऱ्यांच्या लेकींसाठी शंभरदा ठरवलेला रस्ता त्याला आज ठरवता येईना. वाट तर पाठ होती. सौंदडहून पॅसेंजर, गोंदियाला गाडी बदलून आमगाव, पुढं तीन कोस सायकल. अडचण होती ती शेवटच्या दहा पावलांची. सायकलनं गेलो तर पोरगी दारातच कोसळेल. पायी गेलो तरी बाप तो बापच, आणि रोवणा टाकून बाप आला म्हणजे काय ते तिला कळणारच. शेजारचा बकाराम जायला तयार होता, पण माहेरचं कोणीही या दिवसांत दिसलं तरी तिच्या मनात तेच येणार. त्या गावात फोन पोचला नव्हता. तार म्हणजे तर त्याहून वाईट. आणि पुष्पांजलीला पुन्हा दिवस गेले असले तर? कळवलं नव्हतं तिनं, पण पोरी लवकर कुठं कळवतात.

शेवटी त्यानं पोस्टकार्ड घेतलं. लिहायला बसला आणि पहिल्याच ओळीला अडला. "तब्येत जास्त आहे" असं लिहावं तर ते तीन शब्द देवचंदच्या हातचे वाचून काय होईल, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! म्हणून त्यानं लिहिलं, "आईला थोडा ताप होता, आता बरी आहे. तुझी आठवण काढते. रोवणा झाला की चार दिवस येऊन जा." पुन्हा वाचून पाहिलं. कोणाला धक्का बसावा असं त्यात काहीच नव्हतं. त्याला बरंही वाटलं.

"काय लिवलं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"लवकर ये, असं लिवलं."

मग ती दाराकडं तोंड करून निजायला लागली. गोंदियाकडून येणाऱ्या गाडीची वेळ झाली की शामकलेला, बकारामच्या बायकोला, बाहेर जाऊन रस्ता पाहायला लावायची. शामकला बिचारी पावसात उभी राहून यायची. देवचंद तेवढा वेळ गोठ्यात काढायचा. दुपारी जरा पेज पोटात गेली की मनकर्णा बरी वाटायची आणि तो म्हणायचा, होईल ठीक, कार्ड पोचलं असेल. दिवे लागणीला खोकला वाढायचा आणि तो ठरवायचा, उद्या पहिल्या गाडीनं निघतोच. पुन्हा सकाळी ती थोडी हसायची. असे पाच दिवस गेले. अख्ख्या पंचक्रोशीत कोणासाठी घटकाभर उशीर न केलेला माणूस स्वतःच्या घरात पाच दिवस उद्या-उद्या करत बसला. याला काय म्हणावं? भित्रा म्हणावं तर जीव धजत नाही, आणि दुसरा शब्द सापडत नाही.

सहाव्या दिवशी फटफटायला मनकर्णाबाई गेली. शेवटचं तिनं विचारलं ते, "गाडी आली का?"

बकाराम सायकल काढायला लागला. देवचंदनं त्याच्या हातातून ती घेतली. म्हातारे म्हणाले, घरचा धनी मयत टाकून जात नसतो, असं कधी झालं नाही. तो म्हणाला, "आता मलेच जाऊ द्या. दिवस बुडाच्या आत आनतो तिले." आणि गेला.

रस्ता त्यानं अचूक काढला. आमगावला उतरल्यावर डांबरी सोडून त्यानं नहराची पाळ धरली आणि दुपार व्हायच्या आत लेकीच्या शेताशी आला. वीसेक बायका बांधीत वाकून रोवणा करत होत्या. एकीनं मान वर केली, मग दुसरीनं. गाणं थांबलं. पुष्पांजली सगळ्यांच्या शेवटी उठली. हातात रोपांची जुडी तशीच होती. ती पडली नाही, ओरडली नाही. चिखलातून पाय उपसत बांधापर्यंत आली आणि बापाकडं पाहत उभी राहिली.

"मायची तब्येत..." देवचंदच्या तोंडून सवयीनं निघालं.

"कवा?" तिनं विचारलं.

"आज सकाऊन."

ती बांधावर बसली. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "कार्ड आलं होतं, बाबा. तीन दिवस झाले. सासू म्हणे, जाऊन ये. मले बी जिवाले कसंतरीच लागून रायलं होतं. पन मी म्हटलं, मायचं तसं काई असतं तं बाबा सायकल घेऊन आलेच असते. ते नाई आले, म्हणजे माय बरी हाये."

देवचंद तिच्या शेजारी चिखलात बसला आणि कोणाच्याही दारात कधी रडला नव्हता तसा, वीस बायकांच्या देखत, तोंड उघडं टाकून रडला. मायनं वाट पाहिली होती का, हे पुष्पांजलीनं विचारलं. त्यानं खोटं सांगितलं नाही.

दिवस बुडायच्या आत तो तिला घेऊन पोचला. लोक थांबले होते. लेकीनं मायचं तोंड पाहिलं. मायचं मात्र राहून गेलं.

त्यानंतर देवचंदनं कोणाची खबर नेली नाही. लोकांनी सुरुवातीला रागही धरला. पुढं चार-पाच वर्षांत खिशाखिशात मोबाइल आले आणि त्याची गरजच संपली. सायकल मात्र त्यानं सोडली नाही. दर महिन्याला, काही कारण नसताना, पॅसेंजरच्या खिडकीला सायकल बांधून तो लेकीकडं जायचा. पेरू न्यायचा, तळ्यातली मासळी न्यायचा, नातू झाल्यावर त्याला पुढं दांडीवर बसवून फिरवून आणायचा. त्या गावच्या दारांना आपल्या येण्याची सवय व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि झालीही. बायका पदर तोंडाला लावेनाशा झाल्या. पोरं "आजा आला" म्हणून मागं धावायची.

पुष्पांजलीचं तेवढं जमलं नाही. दहा वर्षं झाली तरी सायकल दिसली की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि विचारायची, "काई नाई ना, बाबा?"

घरी आता देवचंदशिवाय कोणीच नव्हतं आणि देवचंद तर तिच्यासमोरच उभा असायचा.

"काई नाई, बाई," तो म्हणायचा. मग ती बाजूला होऊन त्याला आत येऊ द्यायची.